आधी नाव लावा, वाटणी मागाहून

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकाने पालकांपुढे बोलावयाचे म्हणजे हजेरी, अभ्यास आणि परीक्षा हे विषय ठरलेले असतात. मी आज मय्यतीनंतरच्या कागदांविषयी बोलणार आहे. गुणगौरवाच्या दिवशी हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण हा विषय मी शोधून आणलेला नाही. तो माझ्या हजेरीपटातूनच माझ्यापुढे आला.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातील एक हुशार मुलगी एकाएकी गैरहजर राहू लागली. तिचे वडील अचानक वारले होते. मागे दोन एकर कोरडवाहू जमीन, राहते घर आणि एका बँकेत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव. घरात काहीच नव्हते असे नाही, पण जे होते त्याला हात लावता येत नव्हता. ठेवीवर नॉमिनीचे नाव नव्हते. पासबुकावर वडिलांच्या नावाआधी ‘शेख’ होते, आधार कार्डावर नावामागे ‘पिंजारी’ होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर या दोहोंपैकी काहीच नव्हते. बँकेने सांगितले, कोर्टाचा दाखला आणा. आईला मराठी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला मुलगी सोबत जाई. खरे म्हणजे त्या घरात वारसाचे काम चौदा वर्षांची मुलगी करीत होती. दाखला हाती येईपर्यंत चौदा महिने गेले आणि तेवढ्यात दहावीचे वर्ष निसटले. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून परीक्षेस बसली व पास झाली. पण ते एक वर्ष कोणी घेतले, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

कोर्टाने घेतले, असे म्हणणे सोपे आहे. पण मी ते सारे कागद पाहिले आहेत. कोर्टात अर्ज पडल्यापासून दाखला मिळेपर्यंतचा काळ निम्म्याहून कमी होता. उरलेला काळ अर्ज करण्यापूर्वीच गेला. नावे जुळवण्यात, दाखले शोधण्यात, आणि सर्वांत जास्त म्हणजे ‘एवढी घाई कशाला, लोक काय म्हणतील’ या विचारात तो गेला.

कायद्याचा गोंधळ आपल्याकडे फार आहे, म्हणून थोडे त्याविषयी. मोठ्या शहरांतील नातेवाईक ‘प्रोबेट’ हा शब्द वापरतात. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे असा कोर्टाचा शिक्का. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने प्रोबेटची जी सक्ती घातली होती, ती मुसलमानांच्या मृत्युपत्रांना कधी लागूच नव्हती. आपल्या घरांतून बहुधा मृत्युपत्र नसतेच, त्यामुळे आपला प्रश्न वारसाचा असतो. त्यासाठी कोर्टाचे दोन निरनिराळे कागद आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बँकेतील पैसा, शेअर, येणे असलेली रक्कम यांसाठी १९२५ च्या कायद्याखाली ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ मिळते. त्याने जमीन नावावर होत नाही. दुसरा म्हणजे ‘वारस दाखला’. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे दिवाणी न्यायालय देते. होय, १८२७! खानदेश इंग्रजांच्या ताब्यात जाऊन जेमतेम नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा तो कायदा आजही महाराष्ट्रात चालतो. दोन्हींत जाहीर नोटीस निघते, मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर दाखला मिळतो, आणि हरकत आली तर मग मात्र किती वर्षे हे कोणीही सांगू शकत नाही.

परंतु बंधूंनो, साध्या शेतकऱ्याच्या वा दुकानदाराच्या घरी बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढण्याचे कारणच नसते. शेतजमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे होते. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपण तलाठीच म्हणू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४९ सांगते की, वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास खबर द्यावी. तोंडी दिली तरी चालते, लेखी दिली तर उत्तम. तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद घेतो, चौकशी करतो, फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ई-हक्क प्रणालीवरून हा अर्ज आता घरबसल्याही करता येतो.

येथे आपल्या समाजापुढे एक खास अडचण उभी राहते आणि तिच्याविषयी कोणी उघड बोलत नाही. कायद्याची मुदत तीन महिन्यांची आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. म्हणजे भगिनी घराबाहेर पडेपर्यंत मुदत टळलेली असते! पण यावर उपाय अगदी साधा आहे. खबर विधवेनेच द्यावी असे कुठेही म्हटलेले नाही. सज्ञान मुलगा, मुलगी, सासरे, कोणीही एक वारस सर्वांची नावे घालून अर्ज देऊ शकतो. वारस अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक देतो. आणि मुदत टळली तरी हक्क बुडत नाही, हेही लक्षात ठेवावे. उशिरा का होईना, नोंद होते. फक्त उशीर झाला की काम अवघड होत जाते. किती अवघड, ते मी आता गणिताने दाखवितो, कारण मी गणित शिकवितो आणि फळ्यापासून दूर मला फार वेळ राहवत नाही.

विद्यार्थी मित्रहो, ज्याला तुम्ही ‘अल्जिब्रा’ म्हणता त्याचे नाव बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नवव्या शतकातील ग्रंथावरून आले. त्या ग्रंथाचा एक मोठा भाग कशाविषयी आहे? वसीयत आणि वारसाहक्काच्या उदाहरणांविषयी. अमुक मनुष्य वारला, मागे पत्नी, आई, इतके मुलगे, इतक्या मुली, वसीयत इतकी. तर प्रत्येकाचा हिस्सा किती? तुम्हांला बीजगणित नकोसे वाटते. पण ज्यांनी ते रचले त्यांच्यापुढे विधवेचा आणि अनाथ पोरांचा हिस्सा होता.

आता उदाहरण. ते पुस्तकातले नाही, माझ्या घरचे आहे. माझे आजोबा १९९४ साली वारले. जमीन सहा एकर. मागे आजी, दोन मुलगे (थोरले काका व माझे वडील) आणि दोन मुली, म्हणजे माझ्या दोन आत्या. मय्यतीचा खर्च, नंतर कर्ज, पत्नीचा मेहर राहिला असेल तर तोही कर्जातच, नंतर वसीयत असल्यास एक-तृतीयांशापर्यंत, आणि मग उरलेल्याची वाटणी, हा क्रम आपणांस ठाऊक आहे. मुले असल्याने पत्नीला एक-अष्टमांश. बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. सहा एकरांचे दोनशे चाळीस गुंठे. आजीला तीस, प्रत्येक मुलाला सत्तर, प्रत्येक मुलीला पस्तीस. पाचवीच्या मुलाला येईल असे गणित. वारस पाच, सह्या पाच, सगळे एका ओसरीवर बसलेले.

हे त्या वेळी झाले नाही. आधी चाळीसावा होऊ द्या, मग पीक निघू द्या, मग धाकट्या आत्याचे लग्न होऊ द्या, असे करता करता तीस वर्षे लोटली. दरम्यान आजी वारली. तिचे तीस गुंठे चार मुलांकडे आले. मग थोरले काका वारले. त्यांच्या मागे काकू, एक मुलगा, तीन मुली. आता अपूर्णांकाचा छेद एकशेवीस झाला. माझ्या वडिलांचे ऐंशी गुंठे, प्रत्येक आत्याचे चाळीस, काकूचे दहा, चुलतभावाचे अठ्ठावीस, तिघी चुलतबहिणींचे प्रत्येकी चौदा. पाचाचे आठ वारस झाले. एक आत्या सुरतला, एक शहाद्याला, चुलतबहिणींपैकी एक नवापूरच्या पलीकडे गुजरातेत दिलेली. मृत्यूचे दाखले एकाऐवजी तीन लागणार. आणखी एक पिढी गेली असती तर हजारातले हिस्से निघाले असते आणि काही वारसांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नसती. यालाच फराइजच्या शास्त्रात मुनासखा म्हणतात. जुन्या उलेमांनी त्याला वेगळे नाव देऊन ठेवले, त्यावरून वाटणी रखडवण्याची खोड आजची नाही हे कळते.

आमचे काम हलले ते २०२५ साली. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम त्या वर्षी १ एप्रिलपासून राज्यभर राबविली गेली. पहिल्या पाच दिवसांत तलाठ्यांनी चावडीवर मयत खातेदारांच्या याद्या वाचावयाच्या, नंतरच्या पंधरवड्यात वारसांनी कागद द्यावयाचे, आणि १० मेपर्यंत नोंदी पूर्ण करावयाच्या, असा क्रम ठरला होता. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांविषयी शपथपत्र, पोलीस पाटील वा सरपंच यांचा दाखला, वारसांची नावे, पत्ते, मयताशी नाते, एवढेच मागितले होते. आजोबांचे नाव चावडीवर वाचले गेले तेव्हा वडील खाली मान घालून बसले होते, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

त्या रात्री घरात जे झाले तेही सांगतो, कारण तेच सर्वांच्या घरी होते. वडील म्हणाले, “आत्यांची नावे कशाला? त्यांच्या लग्नात दिले की सगळे.” मी म्हटले, “अब्बा, लग्नात दिले ते हिश्श्यातून वजा होत नाही. आणि अर्जात सर्व वारस लिहिले असे शपथेवर सांगायचे आहे.” आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनीच सुरतला फोन लावला. सुरतची आत्या म्हणाली, “माझे नाव लावा, पुढचे पुढे बघू.” शहाद्याची आत्या म्हणाली, “मला नको.” तिचेही नाव लागले, नको असेल तर आधी नाव लागावे, मग तिने आपल्या खुशीने दुय्यम निबंधकापुढे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, हा सरळ मार्ग. नाव न लावणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. एकट्या मुलाने सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेतले तरी त्यामुळे बहिणीची मालकी नाहीशी होत नाही. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, मालकी देणारा किंवा काढून घेणारा नव्हे. पण तो चुकीचा कागद दुरुस्त करून घेताना बहिणीची हयात जाते, हेही तितकेच खरे.

मला आज सांगावयाचे आहे ते या अनुभवातून निघालेले आहे. नाव लावणे आणि वाटणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपण ती एकत्र बांधतो म्हणून दोन्ही अडतात. कोणाला बांध कुठे हवा, विहीर कोणाकडे, घराची पुढची खोली कोणाची, यावर दहा वर्षे वाद चालू द्या हवा तर! पण तोपर्यंत कागदावर सगळ्यांची नावे असू द्या. आमचे तेच आहे. चौदा गुंठ्यांचा तुकडा तोडून देण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर येतो, म्हणून जमीन अजून एकत्रच कसली जाते आणि पैसे हिश्श्याने जातात. आपल्या शरियतीत तर मृत्यूच्या क्षणीच ज्याचा हिस्सा त्याचा होतो. बाप जिवंत असताना मुलाला काही नाही, आणि बाप गेल्यावर कोणी द्यावे लागत नाही. मग नाव लावण्यात घाई किंवा लोभ कसला? कर्ज फेडावयाचे तर ते फेडणारा वारस कागदावर हवा. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सारे सातबाऱ्यावरील जिवंत नावाला मिळते.

हिस्से काढण्यास अडचण वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात अक्कलकुव्याला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आहे. फराइज जाणणारे उलेमा शोधावयास लांब जावे लागत नाही. उलेमांकडून हिस्से लिहून घ्यावेत, तलाठ्याकडे नावे लावावीत. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

आता पैशाविषयी, कारण त्या मुलीची अडचण तेथेच होती. आज तिच्या आईला इतके हेलपाटे पडावयास नकोत. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मयत खातेदारांच्या दाव्यांविषयी नवे निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणण्यास बँकांना सांगितले. खात्यावर नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, कोर्टाचा दाखला मागावयाचा नाही. नॉमिनी नसेल, पण वाद नसेल, तर व्यापारी बँकेत पंधरा लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत साध्या पद्धतीने काम व्हावयाचे आहे. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारस कोण याचा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचे प्रतिज्ञापत्र, इतके पुरे. सर्व कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत निकाल लावला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर व्याजासह भरपाई. खिडकीवर कोणी ‘कोर्टात जा’ म्हणाले तर भांडू नका. हे निर्देश आहेत असे लेखी अर्जात लिहा आणि पोच घ्या. पोच हा शब्द मी तीनदा उच्चारला असता, पण वेळ थोडा आहे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात व ठेवीत कोणाचा किती टक्के तेही लिहिता येते. परंतु नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काढून टाका. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले. बँकेच्या पैशातही नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वासू माणूस आहे. हिस्सेदारांना त्यांचा हिस्सा त्याने द्यावयाचा आहे. थोरल्या मुलाला नॉमिनी केले म्हणजे मुलींचा हिस्सा संपला, असे समजणारे पालक मी पाहिले आहेत. मुलगेही पाहिले आहेत.

अज्ञान मुलांच्या हिश्श्याविषयी एक सावधगिरी. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे पालनकर्ती म्हणून आईचे नाव लागले, तरी आपल्या कायद्याप्रमाणे आई त्या मालमत्तेची आपोआप पालक होत नाही. तो हिस्सा विकावयाचा तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाची परवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार पुढे मुलानेच मोडल्याची उदाहरणे आहेत.

आणि जेथे कोर्टात जाणे भागच आहे, तेथे भगिनींनी वकिलाच्या फीला घाबरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचे काम चालते. त्या मुलीच्या आईला हे दहाव्या महिन्यात कळले. मला स्वतःला तरी त्याआधी कुठे ठाऊक होते? बी.एड.ला आम्हांला बरेच काही शिकविले, हे शिकविले नाही.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी, हे सर्वांना माहीत आहे. पण दफन झाले, कबरस्तानच्या वहीत नाव लिहिले गेले, की आपण नोंद झाली असे समजतो. ती वही म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची नोंद नव्हे. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो. आणि नोंद करताना जो नातेवाईक पुढे असतो तो घाईत तोंडी नाव सांगतो. कोणी ‘बागवान’ सांगतो, कोणी ‘शेख’, कोणी नुसते ‘भाईजान’चे खरे नाव आठवत उभा राहतो. आधार कार्ड हातात घेऊनच नाव सांगावे आणि ते सातबारा, पासबुकाशी जुळते का ते पाहावे. याहून चांगले म्हणजे माणूस हयात असतानाच हे जुळवावे. एका मनुष्याची तीन नावे असतील तर मागच्यांना ‘ही तिन्ही माणसे एकच’ असे प्रतिज्ञापत्र करीत फिरावे लागते.

म्हणून दहावीच्या विद्यार्थ्यांना मी या सुट्टीत एक गृहपाठ दिला आहे. आपल्या घरचा सातबारा किंवा घराचा उतारा, मालमत्ता पत्रक, पासबुक आणि आधार कार्ड समोर ठेवावयाचे आणि प्रत्येकावर आजोबांचे, वडिलांचे, आईचे नाव कसे लिहिले आहे ते चार रकान्यांत उतरवावयाचे. कोणाचे नाव मयत असूनही चालू आहे, त्याखाली रेघ. मग हिस्से काढावयाचे, छेद समान करून. आत्यांची आणि मावश्यांची नावे गाळणाऱ्याचे गुण कापले जातील, हे आधीच सांगून ठेवतो. पालकांनी मुलांना कागद दाखवावेत, कपाटाला कुलूप लावू नये, एवढी विनंती.

ज्यांना अर्ज लिहावयास अडचण आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. मी व दोन सहकारी वर्गात थांबतो. येताना मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि शक्य असेल तर बहिणीला सोबत आणा.